फेलोशिप नाही मिळाली, तरी आले: माझ्या अर्जाच्या वर्षाची गोष्ट

मागच्या दोन महिन्यांत तीन ज्युनियर पोरांनी वेगवेगळ्या वेळी फोन करून एकच विचारलं, ताई तुला ती अमेरिकेतल्या लॅबची फेलोशिप कशी काय मिळाली. तिघांनाही सांगितलं की अरे मला ती मिळालीच नाही, मला दुसरंच काहीतरी मिळालं आणि त्यावर मी इकडे आले. मग प्रत्येकासोबत पाऊण पाऊण तास तेच तेच. म्हणून आता एकदाच लिहून टाकते, पुढच्याला लिंक पाठवून मोकळी.

आधी माझं थोडक्यात. गाव वाळवा तालुक्यात, एमएस्सी गणित कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, नेट-जेआरएफ दुसऱ्या अटेम्प्टला निघाली, पीएचडी दक्षिणेतल्या एका संस्थेत, विषय न्यूमेरिकल लिनियर अल्जेब्रा. म्हणजे लाखो अज्ञात असलेली समीकरणं कॉम्प्युटरवर लवकर कशी सोडवायची. यात सगळ्यात जास्त वेळ खातं मॅट्रिक्सचं फॅक्टरायझेशन, म्हणजे समीकरणांतल्या आकड्यांचा चौकोनी तक्ता सोप्या तक्त्यांच्या गुणाकारात फोडणं. आताचे जीपीयू (ग्राफिक्सच्या चिपा, ज्या आता गणितालाही वापरतात) १६ बिटांच्या आकड्यांत तुफान पळतात पण १६ बिटांत जेमतेम तीन-साडेतीन अंक बरोबर राहतात, म्हणून फॅक्टरायझेशन १६ बिटांत उरकायचं, आलेल्या उत्तरात किती चूक राहिली ते जास्त बिटांत मोजायचं, दुरुस्ती करायची, परत मोजायचं, परत दुरुस्ती. याला इटरेटिव्ह रिफाइनमेंट म्हणतात. कल्पना जुनी आहे, ब्रिटिश गणितज्ञ विल्किन्सनने १९४० च्या दशकाच्या शेवटी वापरलेली, जीपीयूमुळे तिला परत चांगले दिवस आले.

ऐकायला सोपं वाटतं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा कोड दर वेळी नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे उत्तर आकडाच नाही) ओकायचा, तीन दिवस मी बग शोधत होते, जेवणखाण सोडून, आणि शेवटी कळलं की मॅट्रिक्समधला एक आकडा दहा लाखांच्या आसपास होता आणि १६ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे ६५५०४. त्याच्या वर गेलं की इन्फिनिटी, आणि इन्फिनिटीतून इन्फिनिटी वजा केली की नॅन. आधी रो आणि कॉलमचं स्केलिंग करून घ्यायचं, म्हणजे त्यांना भागून आकडे आटोक्यात आणायचे, एवढाच उपाय. हे आत्ता सांगून ठेवते कारण पुढे इंटरव्ह्यूत लागणार आहे.

तर फेलोशिपा. आमच्या विषयातल्या पोरांना तीन-चार नावं पाठ असतात. शिकागोजवळ अरगॉन लॅबची विल्किन्सन फेलोशिप, टेनेसीत ओक रिजची हाउसहोल्डर फेलोशिप, बर्कली लॅबची अल्वारेझ फेलोशिप. विल्किन्सन म्हणजे तोच, इंग्लंडमधे टेडिंग्टनला कॉम्प्युटरवाल्या ॲलन ट्युरिंगसोबत काम केलेला, १९७० चा ट्युरिंग पुरस्कारवाला. अरगॉनमधे १९७० च्या दशकात आइसपॅक आणि लिनपॅक ही मॅट्रिक्सची सॉफ्टवेअरं झाली त्यांचा तो सल्लागार होता, म्हणून त्याच्या नावाने फेलोशिप. हाउसहोल्डर म्हणजे ज्याची रिफ्लेक्शन नावाची मॅट्रिक्सची पद्धत आपण एमएस्सीच्या परीक्षेत हाताने करतो तो. रोज ज्याच्या नावाची पद्धत वापरायची त्याच्याच नावाच्या जागेसाठी अर्ज करायचा म्हणजे माणूस तिथेच अर्धा गार होतो.

साध्या पोस्टडॉकमधे (पीएचडीनंतरची ठराविक मुदतीची संशोधनाची नोकरी) आणि यात फरक असा की साध्या पोस्टडॉकमधे प्रोजेक्ट कुणाचा तरी असतो आणि तुम्ही त्यावर काम करता. फेलोशिपमधे तुम्ही स्वतःचा विषय घेऊन येता, पैसे जास्त, डोक्यावर कुणी फारसं नाही. पण जागा वर्षाला एक किंवा दोन, आणि अर्ज सगळ्या जगातून. पीएचडीनंतर ठराविक वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, बहुतेक ठिकाणी तीन. आणि हे बघून घ्या की सगळी दारं आपल्याला उघडी नसतात. पीएचडी करतानाची अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची कम्प्युटेशनल सायन्स फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना आहे, आणि जिथे सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो अशा जागांवर नागरिकत्वाशिवाय काही होत नाही. मी हे न वाचता एका जागेसाठी आठवडाभर कव्हर लेटर घासत बसले होते.

भारतातलेही पर्याय डोक्यात होते, एनपीडीएफ ही सरकारी पोस्टडॉक फेलोशिप होती, इन्स्पायर फॅकल्टी होती (महिन्याला सव्वा लाख आणि वर्षाला सात लाखांची ग्रँट, पाच वर्षं, पण वयाची अट). इन्स्पायरची तयारी पण चालूच होती. घाबरून नव्हे, पण एका फांदीवर सगळं टांगून ठेवायची माझी हिंमत नाही.

आता मुख्य त्रास. रिसर्च स्टेटमेंट. एका ठिकाणी दोन पानं मागितलेली, दुसरीकडे पाच. पहिला ड्राफ्ट मी लिहिला तो म्हणजे थिसिसचा सारांश, पाच चॅप्टरचे पाच परिच्छेद. सरांनी, म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाईडनी, तो वाचला आणि वर लाल पेनाने एवढंच लिहिलं, "हे झालंय. पुढं काय?" मला राग आला, दोन दिवस बोलले नाही. दुसऱ्या ड्राफ्टमधे मी पुढचं लिहिलं, पण इतकं लिहिलं की फ्यूजन पण करणार, हवामान पण करणार, बॅटऱ्या पण, पॉवर ग्रिड पण. सर म्हणाले अगं तू दोन वर्षांसाठी चाललीयस का दोन जन्मांसाठी.

मग सरांनीच सांगितलं की तिथल्या माणसांशी आधी बोल. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, मला वाटायचं की आधी संपर्क करणं म्हणजे वशिला लावल्यासारखं. तसं काही नसतं. लॅबला बघायचं असतं की तुमचं गणित त्यांच्या कुठल्यातरी खऱ्या कामाला जोडलं जातंय का, आणि ते बाहेरून कळत नाही. मी चार जणांना मेल टाकल्या, दोघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एका बाईंनी कॉल ठेवला, सोमवारी ६ नोव्हेंबर २०२३, त्यांच्याकडे सकाळी ९. मी हिशोब केला आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. सव्वासातपासून केस विंचरून लॅपटॉपसमोर. पावणेआठ झाले, आठ झाले, कुणी नाही. मला वाटलं विसरल्या. सव्वाआठला उठणार तेवढ्यात डोक्यात आलं की आदल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातात. साडेआठला त्या बरोबर वेळेवर आल्या.

कॉल चांगला झाला. त्यांनी एक गोष्ट विचारली जिची मला अपेक्षा नव्हती, पेट्सीमधे तुझं नाव कुठेतरी बघितलंय का मी? पेट्सी ही अरगॉनची सॉफ्टवेअर लायब्ररी, जगभर वापरतात. मी त्यात एक फालतू म्हणावी अशी मर्ज रिक्वेस्ट (कोडमधला माझा बदल घ्या अशी विनंती) केली होती, डॉक्युमेंटेशनमधलं एक उदाहरण चालत नव्हतं ते दुरुस्त केलेलं, बदल बारा ओळींचा, आणि तेवढ्यासाठी तीन आठवडे रिव्ह्यू. सीव्हीत टाकायची लाज वाटली म्हणून टाकली नव्हती. त्या म्हणाल्या टाक. टाकली.

एका अर्जाची तारीख नेमकी दिवाळीत आली. १४ नोव्हेंबरला पाडवा, मी घरी, आई आणि वहिनी फराळाचे डबे भरतायत आणि मी सोप्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन पहिल्या परिच्छेदावर अडकलेली. माझा प्रॉब्लेम असा की कंडिशनिंग, म्हणजे आकड्यांतली बारीक चूक उत्तरात किती फुगते, हे का महत्त्वाचं ते अशा माणसाला सांगायचं होतं जो गणिताचा आहे पण माझ्या गल्लीतला नाही. सिलेक्शन कमिटीत सगळेच लिनियर अल्जेब्रावाले नसतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भूमी अभिलेखमधे भूकरमापक होते, २०१६ ला रिटायर झाले. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर मोजणीला जायचे, लांब बांधावर निशाण धरून उभं राहायचं माझं काम. ३३ फुटांची साखळी, १६ आण्यांची, साखळी बाय साखळी एक गुंठा, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. तर अण्णा म्हणाले, "दोन पानं लिहायला किती दिवस गं? आम्ही अख्ख्या गटाची क प्रत एवढ्या वेळात देत होतो." (क प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा.)

म्हटलं थांबा दाखवते. विल्किन्सनचं प्रसिद्ध उदाहरण आहे, एक्स वजा १, एक्स वजा २, असं करत एक्स वजा २० पर्यंत सगळे कंस गुणायचे. उत्तरं डोळ्यासमोर आहेत, १ ते २०. गुणून काढलं की एक्सच्या १९ व्या घाताचा सहगुणक येतो उणे २१०. तो २१० च्या जागी २१०.००००००११९ करायचा, बाकी काहीही बदलायचं नाही, आणि परत सोडवायचं. लॅपटॉपवर चालवलंच. १ ते ५ जागच्या जागी. ९ चे झाले ८.९२. २० चे झाले २०.८५. आणि १० पासून १९ पर्यंतची दहाच्या दहा उत्तरं संमिश्र संख्या झाली, म्हणजे त्यांत काल्पनिक भाग आला, पाच जोड्या. अण्णांना संमिश्र संख्या माहीत नाहीत, म्हटलं असं समजा जमिनीवरून उडून गेली.

अण्णा चष्मा वर करून म्हणाले, "टोकदार त्रिकोण झाला हा."

म्हटलं म्हणजे?

"मोजणीच्या प्लेन टेबलवर, कागद लावलेल्या फळ्यावर, दोन ठिकाणांवरनं एकाच दगडाला रेघा मारतो का नाही. त्या रेघा एकमेकीला चांगल्या आडव्या कापत असल्या तर पेन्सिल जरा हलली तरी दगड जरासाच हलतो. पण दोन्ही रेघा जवळजवळ एकाच दिशेनं चालल्या तर पेन्सिलीच्या जाडीएवढ्या चुकीनं दगड जातोय शेजाऱ्याच्या उसात. मग भांडणं. त्यामुळं असला त्रिकोण धरायचाच नाही."

मी नंतर सर्वेक्षणाचं पुस्तक उघडून बघितलं तर तिथे नियमच आहे, ३० अंशांपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा कोन टाळा, आणि चांगल्या त्रिकोणाला नाव काय, तर वेल-कंडिशन्ड. तोच शब्द! पाच वर्षं मी तो शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरत होते आणि आमच्या घरात तो माझ्या आधी तीस वर्षं नोकरी करत होता.

रात्री बसून पहिला परिच्छेद लिहिला, त्रिकोणावर. बाकीचं दीड पान त्यानंतर भराभर झालं. एकच विषय ठेवला, मिश्र प्रिसिजनचे सॉल्व्हर (कमी आणि जास्त बिट मिसळून समीकरणं सोडवणारे प्रोग्रॅम) कधी फसतात ते आधीच ओळखणं, आणि एकच ॲप्लिकेशन, त्या बाईंच्या ग्रुपचं. फ्यूजन, हवामान, बॅटऱ्या सगळं कापलं.

आणि मग रेफरन्स लेटर. तीन लागायची. सरांचं वेळेत. परदेशातल्या कोलॅबोरेटरचं वेळेत. तिसरं एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं, त्यांना मी विचारलं होतं तारखेच्या बारा दिवस आधी, जे फार उशिरा होतं आणि ती चूक माझीच. ते हो म्हणाले आणि प्रवासाला गेले. पोर्टल लेटरची लिंक थेट त्यांना पाठवतं, आपल्याला फक्त "वाट बघतोय" असा पिवळा ठिपका दिसतो. मुदत रात्री ११.५९, लॅबच्या घड्याळाने, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ११.२९. सकाळी नऊला ठिपका पिवळाच. एवढ्या मोठ्या माणसाला तगादा कसा लावायचा म्हणून मी सव्वादहापर्यंत नुसती फोन हातात घेऊन बसले. शेवटी केला. ते म्हणाले अहो मला तर मेलच आली नाही. स्पॅममधे होती. एका लग्नाच्या हॉलमधून फोनवरच त्यांनी ते लेटर अपलोड केलं, १० वाजून ५० मिनिटांनी ठिपका हिरवा. मला आजही पिवळा रंग बघितला की कसंतरी होतं.

एकूण चार ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून चार ओळींची नकाराची मेल आली, एकीकडून आजपर्यंत काहीच नाही. चौथ्या ठिकाणाहून इंटरव्ह्यू. कुठे काय झालं ते मुद्दाम लिहीत नाही, तशी गरजही नाही.

इंटरव्ह्यू जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवसांनी, रात्री साडेआठला. पाऊण तास टॉक, मग प्रश्न. मी गावीच होते. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा भर, आणि आमचं घर फॅक्टरीच्या रस्त्यावर. टॉकच्या मधोमध दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर स्पीकर लावून गेला, पंधरा सेकंद मी गप्प. पॅनेलमधे सात जण, एक जण हसला, बाकीच्यांनी पाणी पिऊन घेतलं.

त्रिकोणाची स्लाइड चौथी होती. लोकांना आवडली, माझी छाती फुगली. मग प्रश्नांच्या वेळी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, तुमचे वडील काय करतात मग, टोकदार त्रिकोण आला की? म्हटलं दुसऱ्या जागी जाऊन टेबल लावतात आणि तिथून रेघ मारतात. आणि तुमचा प्रीकंडिशनर (समीकरणं सोडवायला सोपी व्हावीत म्हणून आधी लावायचं मॅट्रिक्स) म्हणजे हेच? म्हटलं हो. ते म्हणाले, नाही. वडील दुसऱ्या जागी जाऊन नवीन मोजमाप घेतात. तुम्हाला मॅट्रिक्स दिलेलं आहे, नवीन माहिती कुठून आणता?

घाम फुटला. कारण बरोबर होतं. दिवाळीपासून दोन महिने मी ती उपमा मिरवत होते आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता. जरा थांबून म्हणाले की तुमचं बरोबर आहे, मी माहिती वाढवत नाही, आहे तोच प्रश्न मी अशा रूपात विचारते की उत्तराकडे पोहोचताना वाटेत चूक कमी साचावी, पण मूळ डेटातच चूक असेल तर ती माझ्या पद्धतीने जात नाही. ते "ओके" म्हणाले. त्या ओकेचा अर्थ मी पुढचे तीन आठवडे लावत होते.

दुसरा प्रश्न सरळ कामावरचा. तुमच्या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (जितका मोठा तितका त्रिकोण टोकदार) किती? म्हटलं दहाच्या नवव्या घाताच्या आसपास. मग १६ बिटांत फॅक्टरायझेशन करून साधं रिफाइनमेंट तर हजार-दोन हजारांच्या पुढे मान टाकतं, तुमचं चालतं कसं? हे येत होतं, साध्या रिफाइनमेंटच्या जागी आत जीएमरेस (फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे जाणारी पद्धत) चालवायचं आणि ते स्वस्तातले फॅक्टर त्याला प्रीकंडिशनर म्हणून द्यायचे. बरं, मग जीएमरेसला किती फेऱ्या लागतात? स्लाइडवर सहा मॅट्रिक्सचा ग्राफ होता, सगळ्यांना दहाच्या आत. ती बाई, जिच्याशी मी नोव्हेंबरमधे बोलले होते तीच, म्हणाली, सगळ्यात वाईट केस दाखव.

स्लाइड नव्हती. खरं सांगायचं तर मुद्दाम केली नव्हती. काय करायचं सुचेना, मग टर्मिनल उघडलं आणि रनची कच्ची लॉग फाइल तशीच स्क्रीनवर टाकली. ४१ मॅट्रिक्स. त्यात सहा-सातांना दोनशेच्या वर फेऱ्या, तिघांपुढे नुसतं नॅन. तिघांपैकी एकाचं कारण मला माहीत होतं, स्केलिंग केल्यावर बारीक आकडे शून्य होऊन जात होते, दुसऱ्या दोघांचं नव्हतं. म्हटलं या दोघांचं कारण मला अजून कळलेलं नाही. इंटरव्ह्यूची उरलेली वीस मिनिटं त्या दोन ओळींवरच गेली, आणि गंमत म्हणजे तो भाग मला इंटरव्ह्यू वाटलाच नाही, ग्रुप मीटिंग वाटली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मेल. फेलोशिपसाठी यंदा तुमची निवड झालेली नाही. मी तेवढं वाचून लॅपटॉप बंद केला. आईने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. संध्याकाळी सरांना फॉरवर्ड करायला परत उघडली तेव्हा दुसरा परिच्छेद दिसला, की अमुक ग्रुपला तुमच्याशी साध्या पोस्टडॉकबद्दल बोलायचंय, इंटरेस्ट आहे का. हे नंतर कळलं की असं बऱ्याचदा होतं. फेलोशिपला एक जण निवडतात पण तेवढ्यासाठी चाळलेले बाकीचे चांगले अर्ज ग्रुप लीडर लोक उचलतात. म्हणजे एका जागेचा अर्ज हा खरं तर लॅबमधल्या दहा-बारा लोकांनी वाचलेला अर्ज असतो. हे आधी माहीत असतं तर दिवसभर उशीत तोंड खुपसून पडले नसते. बाई नंतर म्हणाल्या की त्रिकोण विसरलो होतो आम्ही, त्या नॅनच्या ओळी लक्षात होत्या.

पुढचं कागदपत्रांचं रामायण पटकन सांगते. ऑफर मार्चमधे आली, पण रुजू व्हायला पीएचडी पूर्ण झाल्याचं पत्र हवं, आणि थिसिसच्या एका परीक्षकाचा रिपोर्ट चार महिने आलाच नव्हता. कुणाला दोष द्यायचा, प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवत होतं. थिसिस सबमिट झाल्यावर पीएचडीच्या फेलोशिपचे महिन्याचे ४२,००० बंद झालेले. वायवा जूनमधे. मग जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटर) व्हिसासाठीचा डीएस-२०१९ फॉर्म, त्याआधी परदेशी नागरिकाला लॅबमधे यायची वेगळी परवानगी, तिला काही आठवडे. सेव्हिस (परदेशी विद्यार्थी-संशोधकांची सरकारी नोंदणी) फी २२० डॉलर, व्हिसा फी १८५ डॉलर, खिशातून. व्हिसाच्या मुलाखतीला रिसर्चचा एका पानाचा साध्या भाषेतला सारांश घेऊन जा, माझ्याकडे मागितला. जे-१ वर दोन वर्षं मायदेशी परतायचा नियम लागू होतो का तेही आधी बघा. ज्या देशांच्या लोकांना तो विषयावरून लागतो त्या देशांच्या स्किल्स लिस्टमधून भारत डिसेंबर २०२४ मधे निघाला, पण सरकारी पैशावर आलेल्यांना नियम तरीही लागतो, म्हणून आपल्या फॉर्मवर काय लिहिलंय ते नीट वाचा, व्हॉट्सॲपवर विचारू नका.

ऑक्टोबर २०२४ ला रुजू झाले. पहिला महिना बॅज, ट्रेनिंगचे व्हिडिओ आणि सुपरकॉम्प्युटरचं अकाउंट मिळवण्यात गेला. त्या नॅनवाल्या दोन मॅट्रिक्सपैकी एकाचं कारण मार्चमधे सापडलं, पिव्होटिंगमधली (फॅक्टरायझेशन करताना ओळींची अदलाबदल) गडबड होती. दुसरं अजून तसंच आहे. अण्णा दर रविवारी विचारतात, सुटला का तुझा दगड? म्हणते नाही, अजून उसातच आहे.

पीएचडीला तीन वर्षं व्हायची आहेत म्हणजे फेलोशिपला अजून एकदा अर्ज करता येतो, आणि करतेय. स्टेटमेंटचा पहिला परिच्छेद बदललाय. तारीख याही वेळी दिवाळीच्याच आगेमागे येईल असं दिसतंय, त्यामुळे तिसऱ्या लेटरवाल्या सरांना गणपतीतच मेल टाकून ठेवली आणि खाली लिहिलं, सर, कृपया स्पॅम पण बघत राहा.